‘आमचं मूल आहे, आम्ही बघून घेऊ’ : कायदा असं म्हणत नाही

लहान मुलांच्या डॉक्टरला काही वाक्यं पाठ झालेली असतात. ‘खेळताना पडला हो.’ ‘रागाच्या भरात जरा जास्तच लागलं.’ ‘घरातली गोष्ट आहे डॉक्टर, पोलीस कशाला?’ आणि शेवटी, ‘आमचं मूल आहे, आम्ही बघून घेऊ.’

यातलं पहिलं वाक्य बहुतेक वेळा खरंच असतं. मुलं पडतात, त्यांना खोका पडतात, कोपरं फुटतात. त्यात काही विशेष नाही. पण शेवटचं वाक्य खरं नाही. मूल आईबापांचं असतं ते सांभाळण्यापुरतं. ते त्यांच्या मालकीचं नसतं. भारतीय कायदा हे स्पष्टपणे सांगतो आणि त्यासाठी शिक्षाही ठरवून देतो. तरीही सुशिक्षित घरांतसुद्धा याची माहिती नसते, असा अनुभव आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. मुलांच्या छळाबद्दल आपल्याकडे कायदे पुरेसे आहेत, शिक्षाही कडक आहेत. अडतं ते आधीच्या पायरीवर. ज्यांना दिसतं ते बोलत नाहीत. यात शेजारी आले, आजी-आजोबा आले, शाळा आली आणि आम्ही डॉक्टरही आलो. हा लेख त्या पायरीबद्दल आहे. पण आधी कायदा काय म्हणतो ते बघू.

कोणत्या गोष्टीला किती शिक्षा?

मुलांच्या बाबतीत मुख्यतः तीन कायदे लागू होतात. तिन्हींमध्ये मूल म्हणजे १८ वर्षांखालील व्यक्ती, एवढं धरून चला. काही कलमांना वेगळी वयोमर्यादा आहे, ती तिथे सांगतो.

पहिला, बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५. याचं कलम ७५ प्रत्येक पालकाने वाचावं असं आहे. मूल ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली आहे, त्याने त्याला मारहाण केली, टाकून दिलं, छळलं किंवा जाणूनबुजून त्याची हेळसांड केली आणि त्यामुळे मुलाला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक त्रास होण्याची शक्यता असेल, तर ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हाच गुन्हा मुलं सांभाळणाऱ्या संस्थेतल्या माणसाने केला तर ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाखांपर्यंत दंड. आणि या क्रूरपणामुळे मुलाला अपंगत्व आलं, मानसिक आजार जडला किंवा जिवाला धोका झाला, तर किमान ३ आणि कमाल १० वर्षं सक्तमजुरी.

‘मानसिक त्रास’ हे शब्द कलमात आहेत, हे लक्षात घ्या. अंगावर वळ दिसलाच पाहिजे अशी अट नाही.

याच कायद्यात मुलाला भीक मागायला लावण्याबद्दल ५ वर्षांपर्यंत कैद आहे. डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देण्याबद्दल ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. ‘जा रे, तंबाखूची पुडी घेऊन ये, चिमूटभर तूही घे’ ही गावाकडची थट्टा कायद्याच्या दृष्टीने थट्टा नाही. गंमत म्हणून लहान मुलाच्या ओठाला दारू लावणंही नाही.

दुसरा, भारतीय न्याय संहिता. १ जुलै २०२४ पासून तिने जुन्या भारतीय दंड संहितेची जागा घेतली. मुलाचं हाड मोडणं ही ‘गंभीर दुखापत’ आहे. त्यासाठी ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तापलेला उलथना, सळई, विडी-सिगारेट यांनी चटका देणं हा वेगळा गुन्हा आहे. १२ वर्षांखालील मुलाला आईबापांनी कायमचं टाकून देण्याच्या हेतूने कुठेतरी सोडलं, तर कलम ९३ नुसार ७ वर्षांपर्यंत कैद.

तिसरा, लैंगिक अपराधांपासून मुलांचं संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, म्हणजेच पोक्सो. तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला आणि २०१९ मध्ये आणखी कडक झाला. लैंगिक हेतूने मुलाच्या गुप्तांगाला स्पर्श करणं : ३ ते ५ वर्षं. मुलासमोर अश्लील हावभाव, अश्लील चित्रं दाखवणं, पाठलाग : ३ वर्षांपर्यंत. शरीरप्रवेशासह अत्याचार : किमान १० वर्षं, आणि मूल १६ वर्षांखालचं असेल तर किमान २० वर्षं. मूल १२ वर्षांखालचं असेल, किंवा गुन्हा करणारा नातेवाईक, शिक्षक, पोलीस, रुग्णालयाचा कर्मचारी असेल, तर किमान २० वर्षं, जन्मभर तुरुंगवास किंवा फाशीसुद्धा.

पोक्सो मुलग्यांनाही लागू आहे. ‘मुलग्याला काय होतंय’ असं म्हणणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२ हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं, आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. त्याच अभ्यासात दर तीन मुलांपैकी दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं होतं.

‘मग आम्ही दोन फटकेही द्यायचे नाहीत का?’

हा प्रश्न हमखास येतो, म्हणून उत्तर देतो.

शाळेत अजिबात नाही. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली आहे. घरात मात्र आपल्या कायद्याने अशी सरसकट बंदी घातलेली नाही. न्याय संहितेत १२ वर्षांखालील मुलाच्या भल्यासाठी पालकाने सद्भावनेने केलेल्या कृतीला काही संरक्षण आहे. पण शिस्तीच्या नावाखाली केलेली गंभीर दुखापत त्यात बसत नाही. कलम ७५ तर आहेच. स्वीडनने १९७९ मध्ये घरातल्या मारावरही बंदी आणली आणि तसं करणारा तो जगातला पहिला देश ठरला. दक्षिण आशियात नेपाळने २०१८ मध्ये हे पाऊल उचललं.

डॉक्टर म्हणून मला विचाराल, तर मारण्याचा ‘सुरक्षित’ डोस नाही. कानशिलात मारलेल्या एका थपडेने कानाचा पडदा फाटतो. तान्ह्या बाळाला रागाने गदागदा हलवलं, तर बाहेर एकही खूण न दिसता मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. रडणं थांबत नाही म्हणून थकलेली, चिडलेली माणसं हे करून बसतात. तुमच्यावर तशी वेळ आली, तर बाळाला पाळण्यात सुरक्षित ठेवा, दार पुढे करून पाच मिनिटं बाहेर जा, कोणाला तरी हाक मारा. पाच मिनिटं रडल्याने बाळाचं काहीही बिघडत नाही.

गरिबी हा गुन्हा नाही

‘हेळसांड’ हा शब्द ऐकला की बोट पटकन गरिबाकडे वळतं. म्हणून कायद्यातला एक शब्द इथे अधोरेखित करतो : ‘जाणूनबुजून’.

बीड जिल्ह्यातली ऊसतोड कामगार आई सहा महिने दुसऱ्या जिल्ह्यात फडावर असते. तिचं मूल एकतर गावात म्हाताऱ्या आजीजवळ राहतं किंवा उसाच्या पाचटात खेळतं. त्याचे लशींचे डोस चुकतात, वजन घटतं. ही जाणूनबुजून केलेली हेळसांड नाही. या आईला नोटीस नको, हंगामी वसतिगृह हवं, फडावर येणारी लसीकरणाची गाडी हवी. आईबापांच्या आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल सोडावं लागलं, तर ते जाणूनबुजून केलं असं धरलं जाणार नाही, असं कलम ७५ मध्येच लिहिलं आहे.

याउलट दुसरं उदाहरण घ्या. शहरातलं सुखवस्तू घर. मुलाला टाइप-१ मधुमेह. इन्सुलिन परवडतं, समजावूनही सांगितलं आहे. तरी कोणा बाबाच्या चूर्णावर विश्वास ठेवून इन्सुलिन बंद केलं आणि मूल बेशुद्धावस्थेत आलं. इथे पैशाची अडचण नाही, माहितीची नाही. टाइप-१ मधुमेहात इन्सुलिन बंद करणं म्हणजे मुलाच्या जिवाशी खेळणं. याला हेळसांड म्हणायला मला संकोच वाटत नाही. पण आपल्याकडे तक्रार होते पहिल्या घराची आणि सहानुभूती मिळते दुसऱ्याला.

या दोन टोकांच्या मध्ये एक जागा आहे. मेळघाटात लहान बाळाचं पोट फुगलं की पोटावर गरम विळ्याचे चटके देण्याची प्रथा अजून पूर्ण गेलेली नाही. चटके देणारी माणसं बाळाचं भलंच करू पाहत असतात, तरीही तो गुन्हा आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात अशा अघोरी प्रकारांना ६ महिने ते ७ वर्षं कैद आहे. चटके देण्याचा धंदा करणाऱ्या भोंदूवर गुन्हा जरूर दाखल व्हावा. पण घाबरलेल्या आईला आरोपी केलं, तर पुढचं बाळ ती आरोग्य केंद्रात आणणारच नाही. तिथे चालत जाता येईल एवढ्या अंतरावर डॉक्टर असणं हाच खरा उपाय.

बाळ सांभाळणं शक्यच नसेल तर?

कचराकुंडीत, झुडपात, एसटी स्टँडवर तान्हं बाळ सापडल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्या वाचताना वाटतं, या बाईला एवढंच सांगणारं कोणी का भेटलं नाही?

कायद्याने एक वाट ठेवली आहे. आईबाप किंवा पालक आपलं मूल जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे रीतसर स्वाधीन करू शकतात. समिती समुपदेशन करते आणि निर्णय बदलायला दोन महिन्यांची मुदत मिळते. त्यानंतर बाळाला दत्तक कुटुंब मिळू शकतं. बाळ उघड्यावर टाकलं तर ७ वर्षांपर्यंत कैद आहे. रीतसर स्वाधीन केलं तर शिक्षा नाही. ही माहिती प्रत्येक प्रसूतिगृहाच्या भिंतीवर लिहिलेली असायला हवी. तुमच्या ओळखीत अशा अडचणीत सापडलेली कोणी असेल, तर तिला हे सांगा. दोन जीव वाचतील.

डॉक्टरला शंका केव्हा येते?

१९४६ मध्ये जॉन कॅफी या अमेरिकन डॉक्टरांनी डोक्यात रक्तस्राव झालेल्या सहा बाळांचे एक्स-रे अभ्यासले. त्यांच्या हातापायांची हाडंही मोडलेली होती आणि कारण कोणी सांगत नव्हतं. आईबापच मारत असतील हे स्वीकारायला डॉक्टरमंडळींना आणखी सोळा वर्षं लागली. १९६२ मध्ये हेन्री केंप आणि सहकाऱ्यांनी ‘मारहाण झालेल्या बालकाच्या लक्षणसमूहा’वर लेख लिहिला आणि त्यानंतर पाचेक वर्षांत अमेरिकेतल्या जवळपास सगळ्या राज्यांनी असा छळ कळवण्याबद्दल कायदे केले. एक्स-रे त्याआधीही तेच सांगत होते.

आज आम्ही पुढील गोष्टी बघतो :

- जे बाळ अजून रांगतही नाही, त्याच्या अंगावर काळंनिळं. जे हलत नाही ते आपटत नाही.
- चार वर्षांखालील मुलाच्या कानावर, मानेवर, छाती-पोट-पाठीवर मुका मार. खेळताना लागतं ते गुडघा, नडगी, कोपर, कपाळावर.
- गरम पाण्यात बुडवल्यासारखी, मोजा घातल्यागत सरळ कडा असलेली भाजलेली जखम. पाणी सांडून भाजलं तर शिंतोडे दिसतात, कडा वेड्यावाकड्या असतात.
- वेगवेगळ्या वेळी मोडून जुळलेली हाडं, विशेषतः बरगड्या.
- सांगितलेली हकिगत आणि जखम जुळत नाही. आई एक सांगते, बाप दुसरं.
- दुखापत सोमवारची आणि मूल दवाखान्यात गुरुवारी.
- लघवीच्या जागी जखम, स्राव. आधी अंथरूण ओलं न करणारं मूल अचानक करू लागणं, एखाद्या माणसाकडे जायला ठाम नकार.

शेवटच्या ओळीतल्या वागण्यातल्या बदलांना इतरही कारणं असतात. शंका म्हणजे निकाल नाही. काही गोष्टी फसव्याही असतात. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांच्या कमरेवर, कुल्ल्यांवर जन्मतःच निळसर डाग असतात. तो मार नव्हे, वयानुसार जातो. हिमोफिलियात साध्या धक्क्याने मोठी काळी गाठ येते. मुडदूस किंवा हाडं ठिसूळ होण्याच्या जन्मजात आजारात हाडं सहज मोडतात. म्हणून आम्ही रक्त तपासतो, एक्स-रे काढतो. तुमच्या मुलाच्या बाबतीत डॉक्टरने चार प्रश्न जास्त विचारले, तर कृपया अपमान मानू नका. तेच प्रश्न उद्या दुसऱ्या कोणा मुलाचा जीव वाचवणार आहेत.

कळवणं ऐच्छिक नाही

पोक्सोचं कलम १९ म्हणतं, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला माहीत आहे किंवा होण्याची भीती ज्याला वाटते, अशा कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना कळवलंच पाहिजे. ‘कोणत्याही’ म्हणजे आई, काका, शेजारी, शिक्षक, डॉक्टर, सगळे. न कळवल्यास कलम २१ नुसार ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला, तर वर्षभरापर्यंत कैद आणि दंड. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही, नंतर आरोप सिद्ध झाला नाही तरीही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शाळेच्या वसतिगृहातल्या मुलींचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर, माहिती असूनही न कळवल्याचा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. आरोप खरा की खोटा हे खटल्यात ठरतं. पण वेळेवर न कळवणं ही किरकोळ चूक नाही, त्याने कायद्याचा हेतूच फसतो, हे न्यायालयाने बजावलं. आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकाने हा निकाल वाचावा.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात बालवाडीतल्या दोन मुलींच्या बाबतीत काय झालं ते सर्वांनी पाहिलं. तक्रार नोंदवून घेण्यासाठी पालकांना तासन् तास थांबावं लागलं, आणि लोक रेल्वे रुळांवर उतरले. त्या प्रकरणात प्रत्यक्ष आरोपीशिवाय शाळेच्या पदाधिकाऱ्यांवरही न कळवल्याबद्दल गुन्हा दाखल झाला. शाळेचं नाव खराब होईल म्हणून झाकायला गेलं की नाव तर जातंच, वर गुन्हाही लागतो.

मारहाण आणि हेळसांडीबद्दल सामान्य नागरिकावर पोक्सोइतकी स्पष्ट सक्ती नाही. पण बाल न्याय कायद्याने कोणत्याही जागरूक नागरिकाला, आणि डॉक्टर व नर्सला तर नाव घेऊन, असं मूल बाल कल्याण समितीपुढे आणण्याचा अधिकार दिला आहे. ‘आपण कोण बोलणारे?’ या प्रश्नाचं उत्तर कायद्यातच आहे.

फाशीच्या मागणीबद्दल

मोठी घटना घडली की ‘फाशी द्या’ ही घोषणा होते. तो संताप मी समजू शकतो. पण डॉक्टर म्हणून एक गोष्ट तुमच्यापुढे ठेवतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत वर्षानुवर्षं तेच दिसतं. मुलांवरच्या बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, घरी येणारा-जाणारा. आता विचार करा, आठ वर्षांच्या मुलीने आपल्या मामाचं नाव सांगितलं आहे. घरातल्यांना कळतं की तक्रार केली तर वीस वर्षं, कदाचित फाशी. आजी म्हणते, ‘झालं ते झालं, याला घरी यायचं बंद करू.’ मुलगी गप्प केली जाते. तक्रार झालीच, तर साक्षीच्या वेळी घरचेच फिरतात. मामा दुसऱ्या घरी जातो. तिथेही मुलं असतात.

शिक्षा नको असं मी म्हणत नाही. ती हवीच. पण गुन्हेगाराला रोखते ती शिक्षा मिळण्याची खात्री. कागदावरचे २० वर्षांचे ३० केले म्हणून ही खात्री वाढत नाही. कायद्याप्रमाणे पोक्सोचा खटला शक्य तोवर एका वर्षात संपायला हवा, मुलाची साक्ष ३० दिवसांत नोंदवली जायला हवी. प्रत्यक्षात सातव्या वर्षी घडलेल्या गोष्टीबद्दल अकराव्या-बाराव्या वर्षी उलटतपासणी होते. मोर्चा काढायचाच असेल, तर जास्त विशेष न्यायालयं, सरकारी रुग्णालयांत समुपदेशक आणि बाल कल्याण समित्यांतल्या रिकाम्या जागा या मागण्यांसाठी काढू या.

एक अवघड जागा

सोळा-सतरा वर्षांची मुलगी, गळ्यात मंगळसूत्र, पोटात चार महिन्यांचं बाळ. ग्रामीण भागात हे चित्र नवीन नाही. बालविवाह लावणाऱ्याला २००६ च्या कायद्याने २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे. १८ वर्षांखालील पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे डॉक्टरला कळवणं भाग आहे.

पण याचा परिणाम असाही होतो की घरचे मुलीला दवाखान्यात आणतच नाहीत. रक्तदाब वाढतो, रक्त कमी असतं आणि बाळंतपण घरी होतं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यात थोडी वाट काढली. संमतीच्या संबंधातून गर्भ राहिलेली अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली, तर तिची आणि पालकांची इच्छा असल्यास पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. माझ्या मते अशी सवलत बाळंतपणासाठी येणाऱ्या मुलींनाही विचारपूर्वक द्यायला हवी. आईबापांनी लग्न लावलं, त्याची किंमत मुलीने जिवाने मोजू नये. आणि पालकांनो, तुम्हाला हे टाळायचं असेल, तर उपाय तुमच्याच हातात आहे. मुलीचं लग्न अठराच्या आत लावू नका.

तुम्ही काय करायचं?

मुलाने काही सांगितलं तर शांतपणे ऐका. ‘सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही’ एवढं बोला. ‘आधी का नाही सांगितलंस?’ असं विचारू नका. पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका आणि मोबाइलवर त्याचं बोलणं तर अजिबात चित्रित करू नका.

लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर लगेच रुग्णालयात या. शक्य असेल तर मुलाला आंघोळ घालू नका, कपडे न धुता कागदात गुंडाळून आणा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. पहिले ७२ तास महत्त्वाचे. एचआयव्ही टाळणारी औषधं आणि मोठ्या मुलीला गर्भ राहू नये म्हणूनची गोळी तेवढ्यातच सुरू करावी लागते, जितकं लवकर तितकं चांगलं.

रुग्णालयाने सरकारी असो वा खासगी, मोफत प्रथमोपचार द्यायलाच हवेत. ‘आधी पोलिसांचा कागद आणा’ असं म्हणता येत नाही. एफआयआर नसली तरी तपासणी होते. मुलीची तपासणी महिला डॉक्टरने, मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती जवळ ठेवून करायची असते. उपचार नाकारणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

पोलीस मुलाचा जबाब घरी येऊन किंवा मूल म्हणेल तिथे, साध्या वेशात घेतात. मुलाला रात्री चौकीत ठेवता येत नाही. न्यायालयात साक्ष देताना त्याला आरोपीचं तोंड बघावं लागू नये अशी व्यवस्था करायची असते. महाराष्ट्रात २०१३ पासून ‘मनोधैर्य’ योजनेतून अर्थसाहाय्यही मिळतं.

व्हॉट्सॲपवर अशा मुलाचं नाव, फोटो, शाळा, गल्ली, काहीही पुढे पाठवू नका. मुलाची ओळख उघड करणंही गुन्हा आहे. ‘न्याय मिळवून द्या’ म्हणून फिरवलेला फोटो त्या मुलाला आयुष्यभर चिकटतो.

शेजारून रोज रडण्या-मारण्याचा आवाज येत असेल तर १०९८ लावा. ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे, चोवीस तास चालू असते आणि मूलही स्वतः फोन करू शकतं. जिवाला धोका वाटत असेल तर ११२.

पुष्कळ जण एका भीतीने फोन करत नाहीत : ‘मुलाला उचलून आश्रमात नेऊन टाकतील.’ तसं नाही. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे तत्त्व कायद्यातच लिहिलेलं आहे. आधी घराची चौकशी होते, आईबापांचं समुपदेशन होतं. बापाची दारू सुटावी, आईच्या बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर उपचार व्हावेत, मूल आजीकडे राहावं, असेही मार्ग असतात. सगळीकडे हे चांगलं चालतं असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही फोनच केला नाही, तर यातलं काहीच सुरू होत नाही.

१०९८ हा नंबर आत्ताच मोबाइलमध्ये जतन करा आणि आपल्या मुलांनाही पाठ करायला लावा. बेडशीटवर पाणी सांडलं म्हणून मार खाणारं मूल आपल्या इमारतीत असू शकतं, आपल्या नात्यातही असू शकतं. त्याला स्वतःला पोलीस ठाणं कुठे आहे हे माहीत नसतं. त्याला फक्त तुम्ही माहीत असता.